फोटोबाहेरची माणसे

दिवाळीत भांडू नये, असे माझी आई सांगत असे. नरकचतुर्दशीच्या पहाटे तोंडातून वाकडा शब्द गेला, तर तो वर्षभर तोंडात राहतो, अशी तिची समजूत होती. ती ठाऊक असूनही मी आज भांडायला बसले आहे. कारण संपादकांनी लेख मागितला तेव्हा माझ्याजवळ भांडणाखेरीज देण्याजोगे दुसरे काहीच नव्हते. भांडण एका चित्रपटावरून आहे. तो चित्रपट विनोदी आहे आणि मला तो अतिशय आवडतो. तेव्हा वाचकांनी फराळाचे ताट बाजूला सारण्याचे कारण नाही.

चित्रपट झेक आहे. यिर्झी मेन्झेल या दिग्दर्शकाने तो १९८५ साली काढला, आणि झ्देन्येक स्व्येराक याने तो लिहिला. बाहेरच्या जगात तो 'माय स्वीट लिटल व्हिलेज' या नावाने हिंडला. ऑस्करच्या परदेशी चित्रपटांच्या शर्यतीतही तो होता, पण बक्षीस एका डच चित्रपटाने नेले. हे इंग्रजी नाव ज्याने दिले त्याने साखरेचा हात जरा सढळ सोडला. मूळ नावात 'गोड' नाही. मूळ नावाचा अर्थ 'माझ्या खेड्या, माझ्या केंद्रखेड्या' असा काहीसा होतो, आणि त्यातला 'केंद्र' हा शब्द सरकारी कचेरीतला आहे. त्या काळी चेकोस्लोव्हाकियात सरकारने खेड्यांची वर्गवारी केली होती. काही गावे केंद्र ठरली. शाळा, दवाखाना, दुकान, नवी घरे त्यांच्या वाट्याला आली. जी केंद्र ठरली नाहीत ती हळूहळू सुकत गेली. म्हणजे कोण यादीत आहे आणि कोण नाही, हा प्रश्न या चित्रपटाच्या नावातच बसलेला आहे. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे मला त्याचा उपयोग आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. गावात सहकारी शेती आहे. तिच्या लॉरीवर पावेक नावाचा ड्रायव्हर आहे: बुटका, गोल, तापट. त्याच्या हाताखाली ओतीक नावाचा क्लीनर आहे: उंच, काटकुळा, आणि बुद्धीने मंद. आपल्याकडे लॉरेल-हार्डीला आपण जाड्या-रड्या म्हणत असू. तीच जोडी, फक्त झेक मातीतली. ओतीकला आईबाप नाहीत. वडिलार्जित घरात तो एकटा राहतो, आणि जेवणाखाण्याचे शेजारचे पावेकचे कुटुंब बघते. रोज सकाळी दोघे लॉरीकडे चालत जातात तेव्हा ओतीक पावेकच्या पावलाशी पाऊल जुळवू पाहतो. लॉरी मागे घेताना तो इशारा देतो आणि लॉरी फाटकाच्या खांबावर आदळते. शेवटी पावेक कंटाळून सांगतो की, सुगी आटोपली की तू दुसऱ्या ड्रायव्हरकडे जा. हा दुसरा ड्रायव्हर म्हणजे तुरेक, संशयी आणि दांडगा. ओतीकला त्याची धास्ती. तेवढ्यात प्रागहून नोकरीचे आणि तिथे राहायच्या जागेचे बोलावणे येते. ते कोणाच्या दयेने येत नाही. प्रागच्या एका बड्या अधिकाऱ्याला सुट्टी घालवायला ओतीकचे घर हवे असते. ओतीक जातो. आणि मग एके दिवशी पावेक लॉरी काढतो, थेट प्राग गाठतो, आणि त्याला परत घेऊन येतो.

गोष्ट एवढीच. पण तिच्या आजूबाजूला काय गंमत आहे! निसर्गसौंदर्याने वेडावलेला म्हातारा डॉक्टर मोटार चालवता चालवता भोवतालच्या देखाव्याला दाद देतो आणि मोटार खड्ड्यात घालतो. रुडॉल्फ ह्रुशीन्स्की या थोर नटाने तो असा उभा केला आहे की, मोटार आदळल्यावरही मनुष्य ऐटबाजच दिसतो. बिअरची बाटली तळघराच्या नेमक्या सातव्या पायरीवर ठेवली म्हणजे ती हवी तेवढी गार होते, हे पावेकचे शास्त्र आहे. आमच्याकडे माठ कोणत्या कोपऱ्यात ठेवावा यावर आजोबांचे असेच शास्त्र होते, आणि त्यावर वाद घालण्याची कोणाची छाती नव्हती.

आता भांडण. गेल्या पावसाळ्यात एका लहानशा सभागृहात हा चित्रपट दाखवला. चाळीसेक माणसे होतो. नंतर चर्चा होती. आपल्याकडे चर्चा म्हणजे ज्याला माइक सापडेल त्याचे राज्य. प्रथम एक तरुण प्राध्यापक उठले. ते म्हणाले की, हे खेडे खोटे आहे. यात एक रोमा मनुष्य नाही, ज्यूंची आठवण नाही, सगळे एका रंगाचे, एका भाषेचे. आणि हसायला कोण, तर एक मंदबुद्धी पोरगा. असल्या चित्रपटाला 'अभिजात' म्हणणे आता थांबवावे. त्यावर पुढच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ उठले. व्यासंगी मनुष्य, जगातले सिनेमे पाहण्यात त्यांचे केस पांढरे झालेले. ते म्हणाले, "अहो, हसण्यातसुद्धा शिरगणती करणार का तुम्ही? त्या गावात रोमा नव्हतेच, तर दाखवणार कुठून? हा एक निष्पाप चित्रपट आहे. तुमचे राजकारण त्यात कालवू नका."

टाळ्या पडल्या. भरपूर पडल्या. मीही हात जोडीला नेले होते. पण ते एकमेकांवर आपटले नाहीत. घरी येईपर्यंत मला त्याचे कारण कळले.

त्या टाळ्या वाजवणाऱ्यांशी माझे भांडण आहे. प्राध्यापकांशीही आहे, पण ते लहान आहे. ते आधी मिटवते.

ओतीकला हसवून घेतले आहे, हा त्यांचा आरोप. मी त्यांना विचारते, या चित्रपटात हसवून घेतलेले नाही असे कोण आहे? डॉक्टरला हसतो, पावेकला हसतो, तुरेकच्या संशयाला हसतो, मास्तरणीमागे लागलेल्या पावेकच्या पोराला हसतो, इतकेच काय, स्व्येराकने स्वतः त्यात एक चित्रकार रंगवला आहे, त्यालाही हसतो. सगळ्या गावाला हसायचे आणि एकट्या ओतीकपाशी आल्यावर तोंडाला रुमाल लावायचा, हा का त्याचा मान झाला? पंगतीत सर्वांना जिलबी वाढावी आणि एकालाच 'तुम्हाला सोसायची नाही' म्हणून वगळावे, तसला हा प्रकार आहे. चित्रपटाने ओतीकला देवदूत केले नाही. त्याच्या अंगी एखादी अद्भुत विद्याही दडवून ठेवली नाही, की शेवटी ती प्रकट व्हावी आणि सर्वांनी तोंडात बोट घालावे. तो कामात चुकतो. चुकतच राहतो. त्याच्या चुकांनी दुसऱ्याला खरोखर त्रास होतो. आणि तरीही गावाच्या सकाळीत त्याची एक जागा आहे, जी तो गेल्यावर रिकामी दिसते. पावेक त्याला दया येऊन परत आणत नाही. त्याला चुकल्यासारखे होते म्हणून आणतो. हा फरक ज्याला कळत नाही त्याच्या घरात असा मनुष्य नांदलेला नसावा.

आणखी एक गोष्ट प्राध्यापकांच्या ध्यानात आली नसावी. ज्या खेड्याला ते 'सगळे एका भाषेचे' म्हणाले, त्याचे दोन्ही नायक झेक नाहीत! ओतीक झालेला यानोश बान हा हंगेरियन नट. त्याला झेक भाषा येत नव्हती. पडद्यावर ऐकू येतो तो आवाज पेत्र ब्रुकनर या झेक नटाचा. पावेक झालेला मारियान लाबुडा हा स्लोव्हाक. झेक लोकांना जे खेडे आपल्या काळजाचा तुकडा वाटते, त्याच्या रस्त्यावरून पावलाला पाऊल लावून चालणारे दोघेही पाहुणे आहेत. ही गंमत मेन्झेलने ठरवून केली की नटांच्या गुणावर भाळून केली, याने काही बिघडत नाही. ओतीकची भूमिका ओतीकसारख्याच एखाद्याला का दिली नाही, असे कोणी आज विचारले तर मी त्याला हसणार नाही. तो रास्त प्रश्न आहे. पण त्यावरून हा चित्रपट अडगळीत टाकायला मी तयार नाही.

हे झाले लहान भांडण. आता मोठे.

"त्या गावात नव्हतेच" — हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. किती निर्मळ वाक्य आहे! कोणी काही केलेले नाही, कोणाचा दोष नाही. नव्हते म्हणून नाहीत. मी या वाक्याच्या वाटेला जाते आहे, कारण ते खरे आहे. मध्य बोहेमियातल्या अशा खेड्यात १९८५ साली रोमा कुटुंब नसणे अगदी संभवनीय आहे. पण ते का नव्हते?

युद्धापूर्वी बोहेमिया आणि मोराव्हियात रोमा होते; पिढ्यान्‌पिढ्या होते. जर्मन अमलात त्यांची जी मोजणी झाली तीत सुमारे साडेसहा हजारांची नोंद झाली. त्यांतले सहाशेसुद्धा छळछावण्यांतून परत आले नाहीत. बोहेमियातल्या रोमांसाठी लेती या गावाजवळ छावणी होती. १९४२-४३ मध्ये तेथे तेराशेच्या वर माणसे कोंडली. तीनशेहून अधिक तेथेच मेली, त्यांत लेकरे फार. पाचशेहून अधिक आउश्विट्सला धाडली गेली. आणि छावणीचे पहारेकरी जर्मन नव्हते. झेक शिपाईच होते. पुढे १९७० नंतरच्या वर्षांत त्याच जागेवर काय उभे राहिले, ठाऊक आहे? डुकरांचे प्रचंड पैदासकेंद्र! मेन्झेलचा चित्रपट बनत होता तेव्हा ते जोरात चालू होते. चित्रपट जिथे घेतला ते क्रशेचोविट्से गाव आणि लेती यांच्यात नकाशावर बोटभर अंतर आहे. २०१७ साली सरकारने ते केंद्र विकत घेतले, मग पाडले, आणि २०२४ साली तेथे स्मारक उघडले. इतकी वर्षे लागली.

जे थोडे वाचले, आणि युद्धानंतर स्लोव्हाकियातून जे आले, त्यांच्यासाठी १९५८ साली कायदा निघाला: भटकायचे नाही. गाड्यांची चाके काढून घेतली. पुढे त्यांची वस्ती एके ठिकाणी दाट होऊ नये म्हणून त्यांना विखरून ठेवण्याचे धोरण आले. रोमा बायकांना पैशाची लालूच दाखवून किंवा धड न सांगता त्यांच्यावर संततिनियमनाच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्याबद्दल नुकसानभरपाई देण्याचा कायदा व्हायला २०२१ साल उजाडले. ज्यूंचे सांगायचे तर, प्रागच्या पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर बोहेमिया-मोराव्हियातल्या मारल्या गेलेल्या ज्यूंची नावे हाताने लिहिली आहेत. ती सुमारे ७८,००० आहेत. भिंती खालपासून वरपर्यंत भरल्या आहेत.

आता म्हणा, "त्या गावात नव्हतेच!"

रोमा म्हटले की आपल्याकडे 'जिप्सी' म्हणून एक रंगीत घागरा डोळ्यांपुढे येतो. म्हणून एक जराशी घरगुती गोष्ट सांगते. हे लोक मूळचे आपल्याकडचे. कित्येक शतकांमागे निघाले आणि चालत चालत युरोपात गेले, पण शब्द गाठीला बांधून गेले. त्यांच्या भाषेत पाण्याला 'पानी' म्हणतात, कानाला 'कान', नाकाला 'नाख', घराला 'खेर', आणि माणसाला 'मनुष'. माझी नात हे शब्द ऐकून म्हणाली, "आजी, हे तर आपल्यासारखेच तोतरे बोलतात." मी तिला रागावले नाही.

आमचे व्यासंगी गृहस्थ यावर म्हणतील — तसे ते म्हणालेच — की त्या राजवटीत असले काही दाखवणे शक्य नव्हते. सेन्सॉर कात्री घेऊन बसलेला. हेही अर्धेच खरे. मेन्झेलला कात्रीचा अनुभव होता. १९६९ साली त्याने काढलेला एक चित्रपट १९९० पर्यंत कुलपात होता. पण त्याच देशात, याच चित्रपटाच्या नऊ वर्षे आधी, १९७६ साली, दुशान हानाक या स्लोव्हाक दिग्दर्शकाने 'रूझोव्हे स्नी' — गुलाबी स्वप्ने — नावाचा चित्रपट काढला होता. खेडेच. त्यातला तरुण पोस्टमन एका रोमा मुलीच्या प्रेमात पडतो. विनोद आहे, हळवेपणा आहे, आणि दोन्ही वस्त्यांमधली दरीही आहे. तेव्हा जमत नव्हते असे नाही. सुचले नाही. आणि न सुचणे हा गुन्हा नसला, तरी तिला निष्पापपणाचे प्रशस्तिपत्रक लावून भिंतीवर टांगायचे कारण नाही.

मला सर्वांत बोचते ते पुढेच आहे. २००७ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ऑस्ट्राव्हा शहरातल्या अठरा रोमा मुलांच्या खटल्याचा निकाल दिला. ही मुले चांगली धडधाकट बुद्धीची. पण त्यांना मंदबुद्धी मुलांच्या खास शाळांत घातले होते. त्या शहरात रोमा मुलाला अशा शाळेत टाकले जाण्याचा संभव इतर मुलांच्या सत्तावीसपट होता, असे खटल्यात मांडलेले आकडे सांगतात. न्यायालयाने निकाल मुलांच्या बाजूने दिला. म्हणजे पाहा: ज्या देशाने एका मंदबुद्धी ओतीकला पडद्यावर हृदयाशी धरले, त्याच देशात 'मंदबुद्धी' हा शिक्का रोमा लेकरांच्या कपाळी मारून त्यांना वेगळ्या दाराने आत घेत होते. पडद्यावरचा ओतीक सर्वांना आवडला, कारण तो 'आपला' होता. गोरा होता, आपल्या आळीतला होता, त्याचे आईबाप आपल्या स्मशानात होते. आपल्यातल्या दुबळ्यावर प्रेम करणे ही काही लहान गोष्ट नव्हे. पण तेवढ्यावर थांबून आपण फार उदार आहोत असे मानण्याची जी सवय आहे ना, तिला मी टाळ्या वाजवू शकले नाही.

आणि ही सवय काही झेक लोकांची मिरासदारी नाही. आपल्याकडच्या खेड्याच्या विनोदी कथांनी मला पोट धरधरून हसवले आहे. पार, चावडी, बेरकी पाटील, भोळा तात्या! वर्षानुवर्षे मी हसले. वेशीबाहेरच्या वस्तीतले लोक या गप्पांत कुठे आहेत, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. १९६३ साली बाबूराव बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती' आले, ते वाचले, आणि मग कळले की आपण ज्याला गाव म्हणत होतो तो गावाचा दर्शनी भाग होता.

आता स्वतःचे सांगते. सांगितल्यावाचून गत्यंतर नाही, नाहीतर हे सगळे नाकाने कांदे सोलणे होईल.

मला एक थोरला भाऊ होता. आम्ही वाईला राहत होतो. त्याला लोक 'भोळा' म्हणत. जे जवळचे नव्हते ते दुसरे काही म्हणत. आम्ही त्याला दादाच म्हणत असू. दादा पिठाच्या गिरणीत कामाला होता. काम काय, तर डब्यांची रांग लावायची. ज्वारीचा कुठला, गव्हाचा कुठला, कोणाचा आधी, कोणाचा नंतर, हे त्याच्या कधी चुकत नसे. चुकत असे ते सुटे पैसे परत देणे. गिरणीवाले काका दिवसभर त्याच्यावर खेकसत. "अरे, डोके घरी ठेवून आलास का?" हा त्यांचा मंत्र. संध्याकाळी दोघे एकाच वेळी, सारखेच पांढरे होऊन, गिरणीच्या पायरीवर चहा पीत बसत. तेव्हा काका कधी ओरडलेले मला आठवत नाहीत.

माझे लग्न १९७२ साली झाले. मंडळी पुण्याची, नावाजलेली. लग्नाच्या चार दिवस आधी दादाला मावशीकडे पाठवले. का, ते कोणी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. लग्नात एक मोठा फोटो काढला. आजही तो माझ्या दिवाणखान्यात आहे. बत्तीस माणसे आहेत. ज्यांची नावे मला आता सांगता येत नाहीत असे दूरचे व्याही त्यात आहेत. दादा नाही. पुढे माझी मुले तो फोटो पाहून विचारीत, "मामा कुठे आहे?" मी म्हणत असे, "मामा त्या दिवशी तिथे नव्हता."

नव्हता! किती निर्मळ वाक्य!

वडील गेले, आई थकली, गिरणी दुसऱ्याने घेतली. दादाला एका संस्थेत ठेवले. संस्था वाईट होती असे मी म्हणणार नाही; वेळेवर जेवण होते, अंथरूण होते. पण तिथे डबे नव्हते. मी दर भाऊबीजेला जाऊन त्याला ओवाळत असे. तो प्रत्येक वेळी एकच विचारी, "गिरणी चालू आहे ना?" मी म्हणे, "चालू आहे." तिथल्या सहाव्या वर्षी तो गेला. आमच्याकडून कोणी लॉरी घेऊन गेले नाही. माझ्याकडे तर त्या वेळी चांगली मोटार होती.

हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा दादाला जाऊन काही वर्षे झाली होती. पावेक प्रागच्या रस्त्यावर लॉरी घालतो त्या ठिकाणी मला पडदा दिसेनासा झाला. मेन्झेल-स्व्येराक यांचे माझ्यावर हे ऋण आहे. ज्याला सगळ्या जगाने फोटोच्या बाहेर ठेवले होते, त्याला त्यांनी अगदी मधोमध उभे केले, आणि त्याला चांगला सदरा घालून, भांग पाडून नव्हे. तो असतो तसा. त्या काळी त्या देशात ओतीकसारख्यांना बहुधा दूरच्या, जुन्या, मोठाल्या वाड्यांतल्या आश्रमांत नेऊन ठेवीत. तेव्हा ओतीक लॉरीच्या केबिनमध्ये बसलेला दिसणे हेच एक भांडण होते. ते त्यांनी हसत हसत भांडले. पण ज्यांनी मला फोटो पाहायला शिकवले, त्यांच्याच फोटोत मी कोण नाही ते पाहू नये, असे का? उलट, मला पाहायचा हक्क त्यांनीच दिला आहे.

आणि त्या मुलखाला स्वतःलाही हे ठाऊक असायला हवे होते. व्ल्तावा आणि साझावा या दोन नद्यांमधला हा टापू. १९४२ पासून जर्मनांच्या एस्‌. एस्‌. दलाने तो युद्धसरावासाठी टप्प्याटप्प्याने रिकामा करून घेतला. सुमारे तीस हजार माणसांना घरदार, गोठे, शेते सोडून निघावे लागले. ती १९४५ नंतर परतली तेव्हा भिंतींना भोके होती. 'कोणा बड्याला तुझे घर हवे आहे, तू निघ' हे वाक्य त्या गावांनी ऐकलेले आहे. म्हणूनच ओतीकच्या घराची गोष्ट तिथे इतकी खरी वाटते. तीच माणसे, तेच घर, तोच रस्ता. त्या रस्त्यावरून जे निघून गेले आणि परतलेच नाहीत त्यांच्यापैकी एकाची, एका वाक्यापुरती तरी, आठवण त्या म्हाताऱ्या डॉक्टरला व्हावी, एवढेच माझे मागणे होते. तो डॉक्टर देखावा पाहत मोटार चालवतो. त्या देखाव्यात काय काय पुरले आहे ते त्याच्या वयाच्या माणसाला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

प्राध्यापक म्हणतात तसा एक रोमा इसम मागाहून आणून पारावर बसवावा, असे मी म्हणत नाही. तो शोभेचा होईल, आणि शोभेला बसवलेला मनुष्य फोटोत असून नसल्यासारखाच. मला टाळ्या परत हव्या आहेत. 'हसण्यात शिरगणती नको' याला पडलेल्या. कारण शिरगणती आधीच झालेली असते, आपण हसायला बसण्यापूर्वी. गावांची झाली, माणसांची झाली. आपण फक्त उरलेल्यांना पाहून म्हणतो, काय सुंदर खेडे आहे!

यातले पुष्कळसे मी त्या व्यासंगी गृहस्थांना पत्राने लिहिले होते. पंधरा दिवसांनी उत्तर आले. सुवाच्य अक्षर, ताव भरून मजकूर. मी चित्रपटावर इतिहासाचे ओझे लादते आहे, ज्याला गाडा चालवायचा आहे त्याने गाड्यात किती भरावे यालाही मर्यादा आहे, आणि बायकांनी सगळेच मनाला लावून घेतले तर रसिकतेचे कसे व्हायचे, असे त्यांचे म्हणणे आहे. 'रूझोव्हे स्नी' मात्र त्यांनी पाहिलेला नव्हता. तो कोठे मिळेल, असे त्यांनी विचारले आहे. ताजा कलम म्हणून खाली दोन ओळी आहेत. तुमच्या दादांचे नाव पत्रात कुठे आले नाही, ते काय होते, असे त्यांनी विचारले आहे.

मी त्यांना ते कळवले आहे.